मासे सोडले, दूध सोडलं. त्या जागी ताटात काय आलं?

पत्र : आम्ही कळव्याला राहतो. घरात मी, मिस्टर, सासूबाई आणि २४ वर्षांचा मुलगा. मूळचे कोळी, त्यामुळे सोमवार, गुरुवार, शनिवार हे वार सोडले तर ताटात मासळी असतेच, रविवारी मटण. मुलगा ऐरोलीला कंपनीत आहे. गेल्या दिवाळीपासून तो व्हेगन झाला. मासे, मटण, अंडी तर नाहीच, दूध, दही, तूप, मधही बंद. उंची पाच फूट आठ इंच, वजन ६८ होतं, आता ६३. सकाळी कोरा चहा आणि पोहे, डब्यात तीन पोळ्या आणि भाजी, संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव, रात्री वरण-भात. हल्ली लवकर दमतो, पण म्हणतो की हाच सगळ्यांत आरोग्यदायी आहार आहे आणि बाबांनीही तो घ्यावा. मिस्टर ५२ वर्षांचे, एलडीएल १५८, साखरेसाठी तीन वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे. सासूबाई म्हणतात, मासे सोडले तर अंगात रक्त कसं भरणार? नक्की खरं कोणाचं? आणि एका घरात दोन स्वयंपाक मी किती दिवस करू? जाता जाता, माझं वय ४७, परवाच्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.४ आलं.
एक वाचक, कळवा

उत्तर : ताई, सरळ उत्तर आधी देतो. मांस-मासे असलेल्या समतोल आहारापेक्षा व्हेगन आहार आपोआप चांगला ठरत नाही. आणि मासे खाल्ले म्हणजे रक्त भरलं, असंही नाही. त्याचा दाखला तुमच्याच पत्रात आहे. घरातल्या आकड्यांत आम्हाला सगळ्यांत जास्त खटकलं ते मुलाचं वजन नव्हे आणि मिस्टरांचं एलडीएलही नव्हे. तुमचं हिमोग्लोबिन १०.४ आहे आणि ते तुम्ही ‘जाता जाता’ म्हणून शेवटच्या ओळीत लिहिलंय. त्याकडे येतोच.

आधी तुमच्या मुलाचा दावा पाहू, कारण तो पूर्ण चुकीचा नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात एकसारख्या जुळ्यांच्या २२ जोड्या घेऊन एक अभ्यास झाला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक जोडीतल्या एकाला आठ आठवडे व्हेगन आहार, दुसऱ्याला मांस, अंडी, दूध असलेला पण चांगला आहार दिला. व्हेगन भावंडांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) दुसऱ्या गटापेक्षा सरासरी १३.९ अंकांनी जास्त उतरलं, वजनही दोनेक किलो जास्त कमी झालं. म्हणजे कोलेस्टेरॉलच्या बाबतीत मुलाच्या बोलण्यात तथ्य आहे. पण दोन्ही गटांना भाज्या, कडधान्यं, अख्खी धान्यं भरपूर होती. तिथे कोणी वडापाववर दिवस काढत नव्हतं.

दुसरी बाजू इंग्लंडमधल्या एपिक-ऑक्सफर्ड या दीर्घ अभ्यासातून दिसते. त्यातल्या २०१९ च्या निष्कर्षांत शाकाहारी मंडळींना (यात व्हेगनही आले) हृदयविकार मांस खाणाऱ्यांपेक्षा २२ टक्के कमी आढळला, मासे खाणाऱ्यांना १३ टक्के कमी. मात्र शाकाहारी गटात पक्षाघाताचं प्रमाण २० टक्के जास्त होतं. २०२० मध्ये त्याच अभ्यासातून हाडांचा हिशोब आला, तेव्हा व्हेगन लोकांत एकूण अस्थिभंग ४३ टक्के जास्त आणि खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण दुपटीहून अधिक निघालं. अमेरिकेतल्या ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या सुमारे ७३ हजार लोकांचा अभ्यास २०१३ मध्ये आला, त्यात मासे खाणारा पण मांस टाळणारा गट मृत्यूदरात व्हेगन गटाच्या बरोबरीने कमी होता. हे सगळे अभ्यास लोकांच्या सवयी नुसत्या पाहून केलेले आहेत. व्हेगन माणूस बहुधा सिगारेट कमी ओढतो, सडपातळ असतो, त्यामुळे फायदा नेमका कशाचा हे पूर्ण वेगळं काढता येत नाही. तरी एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसते. कमी पडतात ते दोन गट: भरपूर लाल मांस आणि त्यातही सॉसेज, सलामी, बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस खाणारे, आणि प्राणिज पदार्थ सोडून त्या जागी काहीच न ठेवणारे. प्रक्रिया केलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाण्यामागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. बांगड्याच्या कालवणाचा या यादीशी काही संबंध नाही.

तुमच्या घरातली गंमत वेगळीच आहे. तुम्ही वार पाळता, म्हणजे आठवड्यातले तीन दिवस सगळं घर शाकाहारीच जेवतं. त्या तीन दिवशी मासळीच्या जागी काय येतं, हे आठवून पाहा. बहुतेक घरांत पातळ वरण, बटाट्याची भाजी आणि नेहमीपेक्षा एक वाढा जास्त भात. मुलाने तेच वाराचं जेवण आठवड्याचे सातही दिवस चालू केलं आणि त्यातलं दही-दूधही काढून टाकलं.

मुलाचं ताट मोजू या

६३ किलो वजनाला रोज किमान ५२ ग्रॅम प्रथिनं लागतात (किलोमागे ०.८३ ग्रॅम, हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं प्रमाण). वनस्पतींमधली प्रथिनं थोडी कमी पचतात, म्हणून व्हेगन माणसाने ६० धरावीत. आता पोह्यांच्या बशीत ४-५ ग्रॅम, तीन पोळ्यांत ९-१०, भाजीत २, वडापावात ६-७, मध्यम भातात ६, आणि वाटीभर पातळ वरणात जेमतेम ४, कारण त्यात डाळ वीसेक ग्रॅमच असते, बाकी पाणी. बेरीज ३१-३४. पूर्वी दोन अंडी १२ ग्रॅम देत होती, मासळीच्या दोन-तीन तुकड्या १८-२०, दूध-दही ८-१०. ते गेलं आणि त्या जागी काही आलं नाही. त्याचं आजचं वजन उंचीच्या मानाने योग्यच आहे, त्यामुळे किलो मोजून घाबरू नका. पण आठ महिन्यांत पाच किलो उतरले, त्याबरोबर थकवाही आहे, म्हणजे चरबीबरोबर स्नायूही झिजले असण्याची शक्यता धरावी लागते.

ही तूट भरायला परदेशी पावडर लागत नाही. पोह्यांत मूठभर शेंगदाणे (३० ग्रॅम, ७ ग्रॅम प्रथिनं). डब्यातल्या भाजीऐवजी मटकी, चवळी, काळे वाटाणे किंवा छोल्यांची उसळ, कोरडं धान्य ४० ग्रॅम, म्हणजे भिजवून शिजल्यावर मोठी वाटी भरून. त्यातून ९ ग्रॅम. वडापावच्या जागी आठवड्यातले निदान चार दिवस फुटाणे-दाणे किंवा मुगाचं घावन. रात्री २५-३० ग्रॅम सोयाच्या वड्या, त्यातून १३ ते १५ ग्रॅम मिळतात. वरण घट्ट करा, माणशी ३० ग्रॅम डाळ. एवढं झालं की बेरीज साठच्या पुढे जाते. सोयाच्या वड्या मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून दोनदा घट्ट पिळा, मगच कोळी मसाल्यात परता. न पिळता टाकल्या की कच्चट वास राहतो आणि मुलं पहिल्याच घासाला नको म्हणतात. घरात कोणी थायरॉइडची गोळी घेत असेल तर सोया आणि गोळी यांत चार तासांचं अंतर हवं.

कडधान्यं एकदम वाढवली की पोट फुगतं आणि आठवड्याभरात सगळा बेत बारगळतो. पहिले दहा दिवस अर्ध्या वाटीने सुरुवात करा. भिजवलेलं पाणी फेकून द्या, फोडणीत हिंग-आलं घाला. मोड आणल्याने आणि आंबवल्याने धान्यातलं फायटेट कमी होतं, आणि फायटेट कमी झालं की लोह आणि जस्त जास्त शोषलं जातं. म्हणून मोडाची उसळ ही साध्या उसळीपेक्षा सरस. आपल्याकडच्या दमट हवेत मूग आठ तास भिजवून दहा-बारा तास बांधले तरी पुरतात. बुळबुळीत झाले, आंबूस वास आला तर टाकून द्या. शेंगदाणेही पावसाळ्यात फ्रीजमध्ये ठेवा. काळपट किंवा बुरशी आलेला दाणा निवडून बाकीचे वापरू नका, ती पिशवीच टाका.

बी-१२ वर तडजोड नाही

प्रथिनं, लोह, कॅल्शियम हे सगळं वनस्पतींमधून कष्टाने का होईना मिळवता येतं. बी-१२ मिळत नाही. ते जिवाणू तयार करतात आणि आपल्यापर्यंत मासे, मांस, अंडी, दूध यांतूनच पोचतं. इडली-ढोकळ्याच्या आंबवणात, मोडांत, न धुतलेल्या भाजीत ते असतं या समजुतीवर कोणी विसंबू नये. स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या पावडरीत जे असतं ते बहुतांशी बी-१२ सारखं दिसणारं पण शरीराला निरुपयोगी असं रसायन आहे, आणि ते तपासणीचा आकडाही फसवू शकतं.

घोळ असा होतो की यकृतात बी-१२ चा साठा असतो. साठा भरलेला असेल तर दोन-तीन वर्षंही काही जाणवत नाही, आणि माणूस म्हणतो, ‘बघा, मला काही झालं नाही.’ साठा आधीच कमी असेल तर काही महिन्यांत थकवा, तोंड येणं, हातापायाला मुंग्या, विसराळूपणा सुरू होतो. त्यात व्हेगन ताटात हिरव्या भाज्या आणि डाळींमुळे फोलेट हे दुसरं ब जीवनसत्त्व भरपूर असतं. फोलेट रक्तातला दोष झाकून ठेवतं, हिमोग्लोबिन चांगलं दिसतं, आणि आतून नसांचं नुकसान चालूच राहतं. ते फार उशिरा लक्षात आलं तर पूर्ण भरून येत नाही.

म्हणून मुलाला स्पष्ट सांगा की व्हेगन राहायचं तर गोळी आयुष्यभर. रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम, दोन्हींपैकी काहीही. गरज रोज सव्वादोन-अडीच मायक्रोग्रॅमचीच असली तरी डोस इतका मोठा लागतो, कारण एका वेळी आतडं दीड-दोन मायक्रोग्रॅमच नेहमीच्या वाटेने घेऊ शकतं; त्यापुढच्या मात्रेतला जेमतेम एक टक्का आत जातो. हा डोस तब्येत ठीक असणाऱ्यासाठी आहे. तुमचा मुलगा दमतोय, त्यामुळे त्याने आधी रक्त तपासावं, मग गोळी सुरू करावी; आधी गोळी घेतली तर आकडा वर दिसतो आणि खरी स्थिती कळत नाही. बी-१२ २०० पिकोग्रॅमच्या खाली आलं किंवा मुंग्या येत असतील तर डॉक्टर इंजेक्शनं देतील, तिथे घरगुती डोसाने भागवू नका. २०० ते ३०० च्या मधला आकडा संशयास्पद असतो, अशा वेळी होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलॉनिक आम्ल तपासून घेतात.

कॅल्शियमची गरज रोज १००० मिलिग्रॅम. दूध गेल्यावर ती भरायला तुमच्याच घरच्या गोष्टी पुढे आणा. दोन नाचणीच्या भाकऱ्यांतून (८० ग्रॅम पीठ) २८०-२९० मिलिग्रॅम, शेवग्याच्या पाल्याची भाजी, वर तीळ कुटून दोन चमचे. पालक मात्र यात मोजू नका. त्यात कॅल्शियम असतं, पण ऑक्झलेट ते धरून ठेवतं, अळूचंही तसंच. विकतचं सोया दूध घेत असाल तर पाकिटावर ‘कॅल्शियमयुक्त’ लिहिलंय का ते पाहा आणि ओतण्याआधी डबा चांगला हलवा, कारण घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. घरी केलेल्या सोया दुधात ते नसतं, आणि ते नीट उकळल्याशिवाय पचतही नाही. बदामाच्या दुधाचा आग्रह मुलाने धरला तर नको म्हणा. पेलाभरात बहुतेक वेळा एक ग्रॅमही प्रथिनं नसतात, पैसे पाण्याचे जातात. एवढं सगळं रोज जमणार नाही असं वाटलं तर डॉक्टरांना विचारून ५०० मिलिग्रॅमची गोळी लावा आणि ड जीवनसत्त्वही तपासा. मुलगा काटेकोर असेल तर त्याला माहीत असू दे की नेहमीचं डी-३ मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून करतात आणि कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असतं. दगडफुलाच्या जातीच्या लायकेनपासून केलेलं डी-३ वेगळं मिळतं.

आयोडीनचा विचार सहसा कोणी करत नाही. रोज साधारण १५० मायक्रोग्रॅम लागतं, आणि कोळी घरात ते समुद्राची मासळी, दूध आणि आयोडीनयुक्त मीठ या तिघांतून येतं. मुलाच्या ताटात आता मीठच उरलंय. आरोग्यासाठी म्हणून घरात सैंधव किंवा गुलाबी मीठ आणलं असेल तर ते परत साध्या आयोडीनयुक्त मिठावर न्या.

बांगडा आणि तारलीमधलं ओमेगा-३ गेलं, त्यासाठी जवस. रोज एक मोठा चमचा, भाजून आणि बारीक वाटून. अख्खं जवस जसंच्या तसं बाहेर पडतं. वाटलेलं जवस खवट लवकर होतं, तेव्हा पंधरा दिवसांपुरतंच करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. कारळ्याची चटणी चवीला उत्तम, पण तिच्यात ओमेगा-३ नसल्यातच जमा, म्हणून ती जवसाच्या जागी चालत नाही. जवसातलं ओमेगा-३ शरीर माशांमधल्या प्रकारात फारच थोडं बदलू शकतं. परवडत असेल तर शेवाळापासून केलेल्या तेलाची कॅप्सूल हा त्याला उपाय आहे. मासेही ते शेवाळाकडूनच मिळवतात.

बाजारात खरेदी करताना पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे व्हेगन नव्हे, दुधाचे पदार्थ त्यात चालतात. बिस्किटं, पाव, चॉकलेट यांत दूध किंवा दुधाची पावडर असू शकते, व्हे प्रोटीन तर दुधाचंच. भारतात २०२२ पासून व्हेगन पदार्थांसाठी हिरव्या ‘व्ही’ अक्षराचं वेगळं चिन्ह आहे.

मिस्टरांनी व्हेगन व्हावं का?

आमच्या मते गरज नाही. त्यांना फायदा हवा आहे तो एलडीएल उतरण्याचा, आणि त्यातला मोठा भाग मासे न सोडताही मिळतो. शिवाय मेटफॉर्मिन स्वतःच बी-१२ कमी करतं. तीन वर्षं गोळी चालू असताना त्यात व्हेगन आहाराची भर म्हणजे दोन्ही बाजूंनी गळती. ते व्हेगन होवोत किंवा न होवोत, त्यांचं बी-१२ या महिन्यात तपासून घ्याच.

बदल कुठे करायचा? रविवारचं मटण महिन्यातून एकदा-दोनदा, माणशी शंभर ग्रॅम, चरबी काढून. रस्सा थंड झाल्यावर वर गोठलेला थर काढून टाका. इतर रविवारी साल काढलेली कोंबडी, पण खरं तर मासळीच. बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा, कालवणात किंवा तव्यावर चमचाभर तेलात. पापलेट महाग म्हणून जास्त गुणकारी, असं नाही; ओमेगा-३ साठी तारली त्याच्या पुढे आहे. ओल्या बोंबलात पाणीच जास्त असतं, तेव्हा तळलेल्या बोंबलांची बशी पोटभर वाटली तरी प्रथिनं कमी आणि तेल जास्त. सुकं खारवलेलं असेल तर कोमट पाण्यात भिजवून ते पाणी फेका; साखर असलेल्यांचा रक्तदाब पुढे त्रास देतो.

आणि ओलं खोबरं. हे बोलणं कोकणपट्टीत कोणालाच आवडत नाही, पण वाटीभर खवलेल्या खोबऱ्यात २५ ग्रॅमच्या आसपास संपृक्त चरबी असते. एलडीएल वाढलेल्या माणसाने दिवसभरात एकूण १५ ग्रॅमच्या आत राहायला हवं. चौघांच्या कालवणात वाटीभर वाटण गेलं तर एकट्या त्यातून सहा ग्रॅम. वर सोलकढी प्यायली की पंधराची मर्यादा जवळजवळ संपली. म्हणजे खोबरं बंद नको, वाटण अर्ध्या वाटीवर आणा, दाटपणाला भाजलेला कांदा किंवा थोडी भिजवलेली चणाडाळ वाटा, आणि सोलकढी खोबऱ्याच्या दुधाऐवजी बाकीच्या दिवशी नुसत्या कोकमाची करा. फरसाण, शेव, खारी, टोस्ट यांत पामतेल किंवा वनस्पती तूप असतं. हे सगळं ‘व्हेगन’ असू शकतं आणि तरी एलडीएल वाढवतं. मुलाने हे नीट समजून घ्यायला हवं.

याउलट ओट, सातू, राजमा, भेंडी यांतला विरघळणारा चोथा एलडीएल खाली आणतो. रोज दहा ग्रॅम इसबगोल, दोन वेळांत विभागून, पेलाभर पाण्याबरोबर घेतलं तर पाच ते दहा टक्के घट अपेक्षित असते. ते आणि इतर औषधं यांत दोन तासांचं अंतर ठेवा. मात्र १५८ वरून हवा तो पल्ला आहाराने एकट्याने गाठणं अवघड आहे. मधुमेह असलेल्या चाळिशीपुढच्या माणसाला डॉक्टर सहसा स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी सुचवतात. सुचवली तर घ्यावी. आहार सुधारला म्हणून ती परस्पर बंद करू नये.

आता तुम्ही

स्त्रियांत हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, आणि ११ च्या खाली गेलं की तो मध्यम स्वरूपाचा धरतात. तुम्ही मासे खाता, तरी हे झालं, कारण मासळीत लोह फारसं नसतंच. शंभर ग्रॅमला साधारण एक मिलिग्रॅम, आणि बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅम. सासूबाईंना हे आदराने सांगता येईल: मासे प्रथिनं देतात, बी-१२ देतात, आणि सोबतच्या भाजीतलं लोह शोषायला मदतही करतात, पण रक्त भरायला लोह जिथून यायचं ते डाळी, पालेभाज्या, बाजरी, अळीव यांतूनच. ही मदत मुलाला मिळणार नाही, त्यामुळे लिंबू, आवळा, पेरू, कोबीची कोशिंबीर यातलं काहीतरी त्याच्या प्रत्येक जेवणात हवंच. तुमच्याही. जेवणावर लगेच चहा घेत असाल तर तो तासभर पुढे ढकला. चहातलं टॅनिन वनस्पतींमधलं लोह निम्म्याहून जास्त अडवतं. फोडण्या, उसळी लोखंडी कढईत करा.

पण १०.४ नुसत्या जेवणाने वर येणार नाही. ४७ व्या वर्षी पाळी अनियमित होऊन रक्तस्राव वाढणं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे. पाळी सात दिवसांहून जास्त चालते का, गाठी पडतात का, दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, हे आठवून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. फेरिटिन तपासायला सांगा. लोहाचा साठा त्यावरून कळतो. लोहाची गोळी दिली तर ती रिकाम्या पोटी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, चहा, दूध आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब. शौचाला काळं होतं, त्याने घाबरू नका. मळमळ झाली तर सोडून देऊ नका, एक दिवसाआड घेऊ का हे विचारा. तशी घेतलेली गोळीही चांगली शोषली जाते. महिन्याभरात एक-दोन अंक वाढायला हवेत. वाढले नाहीत तर रक्त कुठून जातंय, हे शोधावं लागेल. आणि बारावर पोचल्यावरही साठा भरायला तीन महिने गोळी चालू ठेवतात. बहुतेक बायका नेमकी तिथेच बंद करतात.

एक विचारतो, रागावू नका. मासळीच्या तुकड्या वाढून झाल्यावर तुमच्या वाट्याला काय येतं? रस्सा आणि डोकं-शेपूट असेल तर घरात मासळी शिजते म्हणून तुम्ही ती खाता, असं धरता येणार नाही.

दोन स्वयंपाक नकोत

उलट्या बाजूने रचा. उसळ, डाळ, भाजी, भाकरी हा सगळ्यांचा मुख्य स्वयंपाक, तेलात फोडणी, तूप वरून ज्याचं त्याने घ्यायचं. मासळी ही त्याच्या बाजूला. कालवणाचं वाटण परतून, पाणी-कोकम घालून उकळी आली की मासे सोडण्याआधी मुलापुरता रस्सा दुसऱ्या पातेल्यात काढा, त्यात उकडलेले काळे वाटाणे आणि शेवग्याच्या शेंगा, किंवा टोफूचे तुकडे. जास्तीचं काम दहा मिनिटांचं. वाराच्या तीन दिवशी सगळं घर मुलाचंच ताट जेवू दे: वालाचं बिरडं, मुगाचं घावन, सोयाच्या वड्यांचा खिमा, घट्ट आमटी. दह्याच्या जागी शेंगदाण्याचं कूट लावलेली कोशिंबीर. रात्री कोणतं कडधान्य भिजत घालायचं, ही जबाबदारी मुलाची. तो २४ वर्षांचा आहे, आहार त्याने निवडलाय, पातेल्यात मूग त्याने टाकायला हवेत. कडधान्यं वाशीच्या दाणाबंदरातून शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून आणली तर स्वस्त पडतात, फक्त पावसाळ्याआधी जास्त साठवू नका, भुंगा लागतो.

सासूबाईंच्या ताटाला हात लावू नका. त्या वयात स्नायू झपाट्याने जातात, भूक कमी असते, आणि मऊ मासळी, अंडं, दही यांइतकं सोपं प्रथिन दुसरं नाही.

मुलाने हे प्राण्यांच्या कळवळ्याने केलं असेल, तर त्याला आरोग्याचा दाखला लागत नाही. तो निर्णय त्याचा आहे आणि तो आदराने घ्यावा. त्याच्याशी वाद घालायचा तो फक्त बी-१२ च्या गोळीवरून आणि संध्याकाळच्या वडापाववरून.

तपासण्या एकाच दिवशी उरकून घ्या, सकाळी उपाशीपोटी. मुलाचं संपूर्ण रक्तचित्र, बी-१२, फेरिटिन, ड जीवनसत्त्व. मिस्टरांचं बी-१२, लिपिड, तीन महिन्यांची सरासरी साखर. तुमचं संपूर्ण रक्तचित्र, फेरिटिन, बी-१२ आणि थायरॉइड. मुलाचं आणि मिस्टरांचं तीन महिन्यांनी पुन्हा करा, तुमचं हिमोग्लोबिन महिन्यानेच. मुलाला त्याआधी हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणं असं काही जाणवलं, किंवा तुम्हाला जिना चढताना धाप लागली, छातीत धडधडलं, तर या तारखांची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.